पाठीवरची वीतभर जागा

आंघोळीनंतर पाठ पुसताना टॉवेल कशाला तरी अडला. अडला म्हणजे किती, एखादा धागा खिळ्याला अडकावा तेवढाच, आणि लगेच सुटलाही. दुसरी कुणी असती तर तिच्या लक्षातही आलं नसतं. विजयमाला मात्र जागच्या जागी थांबली. उजवा हात खांद्यावरून मागे टाकून तिनं बोटं खाली सरकवली, पोचली नाहीत. मग डावा हात खालून वर घातला, दुसऱ्या हातानं कोपर रेटलं, खांद्यात कळ आली, आणि मधल्या बोटाच्या टोकाला क्षणभर काहीतरी लागलं. मसुराच्या दाण्याएवढं, कातडीला घट्ट धरून बसलेलं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच तिची खात्री पटली. गोचीड चावलेला कळत नाही. चावण्याआधी तो आपल्या लाळेनं तेवढी जागा बधिर करून घेतो. एवढी सभ्यता माणसांतही नसते, असं ती दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायची आणि विद्यार्थी दरवर्षी हसायचे. आता ओल्या केसांनी न्हाणीघरात उभी असताना तिला ते वाक्य आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

शहरातल्या एका संशोधन संस्थेत तिची उमर गेली होती. लोक समजायचे की ती गोचिडांवर काम करते. खरं तर गोचिडाच्या पोटात राहणाऱ्या एका जंतूवर. त्याचं नाव रिकेट्सिया. गोचीड चावला की हा जंतू माणसाच्या रक्तात उतरतो, आठवडाभरानं ताप चढतो, तळहातांवर आणि तळपायांवर लाल पुरळ येतं, डॉक्टरांना कधी तो डेंगी वाटतो तर कधी गोवर. औषध साधं आहे, कुठल्याही दुकानात मिळतं. फक्त ते कुणाला तरी वेळेवर सुचावं लागतं. आदल्या दिवशी, शनिवारी, उत्कर्षा आणि स्वराली या आपल्या दोन विद्यार्थिनींना घेऊन ती कात्रजच्या घाटापलीकडच्या माळावर गेली होती. दसरा होऊन गेला होता, गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलं होतं. गोचीड गोळा करायची रीत अगदी सोपी. पांढऱ्या फलालीनचं कापड काठीला बांधायचं आणि गवतावरून सावकाश ओढत न्यायचं. गवताच्या टोकावर गोचीड पुढचे दोन पाय वर उचलून बसलेला असतो, वाट बघत, खाण्यापिण्याविना महिनोन्‌महिने. जवळून कुणाचा श्वास गेला, कुणाची ऊब गेली, की त्या पायांना ते कळतं आणि जे हाताशी येईल ते तो धरतो. कापड असो, कुत्रं असो की पीएच.डी.ची विद्यार्थिनी, त्याला सगळे सारखेच.

या कामाचा एक नियम होता आणि तो विजयमालानंच घालून दिलेला होता. प्रयोगशाळेच्या दारामागे तो तिच्या अक्षरात चिकटवलेला होता: जोडीदाराने पाठ तपासल्याशिवाय कोणीही घरी जाणार नाही. सुरुवात केसांच्या कडेपासून करायची, मग कानांमागे, मग मान, मग पाठ वरून खाली; आणि ज्यानं तपासलं त्याची तपासणी दुसऱ्यानं करायची, त्याला सूट नाही. काल संध्याकाळी गाडीच्या आडोशाला पोरींनी एकमेकींना खिदळत तपासलं. मग उत्कर्षानं जरा दबकत विचारलं होतं, “मॅडम, तुमची बघू का?” आणि विजयमाला डबे मोजत म्हणाली होती, “माझी मी बघते घरी.” दोघींनी मान हलवली. पाठ कुणी स्वतःची स्वतः बघू शकत नाही, हे त्या दोघींनाही माहीत होतं. पण विभागप्रमुख बाईंना कुर्ता वर करा असं सांगणार कोण? आणि बाईंना तरी ते कसं सुचणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इतकी वर्षं ती बाकीच्यांना सांगत आली होती की या कामात घात होतो तो हुशार माणसांचा.

तिनं आरशाकडे पाठ केली आणि मान वळवून बघितलं. चष्मा लावला तर मान तेवढी वळत नव्हती, वळली तर चष्मा नाकावरून निसटत होता. मग मोबाइल मागे धरून फोटो काढले. पहिल्यात नुसता दिवा आला, दुसऱ्यात बादली, तिसऱ्यात पाठ. खांद्याच्या हाडाखाली, कण्याच्या जरा डावीकडे, एक तपकिरी लांबट ठिपका. फोटो हललेला होता. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्या हललेल्या कडांमध्ये तिला पाय दिसले. जन्मभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले पाय, ते ओळखायला तिला स्पष्ट चित्राची गरज नव्हती. काल दुपारी धरला असेल तर एक रात्र उलटून गेली, हे तिच्या मनात आपोआप आलं. उपाशी गोचिडाच्या पोटातला जंतू झोपलेला असतो. निपचित, निरुपद्रवी, जवळजवळ मेलेला. तो गोचीड ऊबदार अंगाला चिकटला, त्याच्या पोटात ताजं रक्त गेलं, की मग हा हळूहळू जागा होतो, त्याच्या अंगावर पूर्वीचं कवच चढतं, आणि तेव्हा कुठे तो माणसाला आजारी पाडण्याच्या लायकीचा होतो. त्याला ऊब मिळावी लागते, आणि काही तास मिळावी लागते. म्हणजे रात्रभर ती झोपली होती तेव्हा तिच्याच अंगाच्या उबेनं तो जागा होत होता. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या अंगाच्या उबेचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो हाच, हा विचार मनात आला आणि तिला हसू येता येता राहिलं. अजून वेळ होता. संध्याकाळच्या आत कुणीतरी तो काढायला हवा होता, एवढंच.

कुणीतरी. केस पुसत ती पलंगावर बसली आणि त्या शब्दाशी येऊन अडली. उत्कर्षाला फोन केला असता तर ती कोथरूडहून स्कूटर दामटत आली असती, नवऱ्याला मागे बसवून, सोबत चिमटा, स्पिरिट, नमुन्याची डबी सगळं घेऊन. पण आली की तिनं घर बघितलं असतं. एक खुर्ची जेवायची आणि बाकीच्या तिन्हींवर पुस्तकं, ओट्यावर एक कप, दोरीवर एकटीचे कपडे. मॅडमचे मिस्टर त्यांच्या घरच्या दुकानाच्या व्यापामुळे गावात, पेठेतल्या घरी राहतात, असं संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. ते तिनंच कधीतरी कुणाला तरी सांगितलं होतं आणि पुढे ते आपोआप खरं होऊन बसलं होतं. सोमवारी प्रयोगशाळेत कुणी काही बोललं नसतं. फक्त पुढच्या वेळी माळावर उत्कर्षा जास्त मायेनं म्हणाली असती, “मॅडम, तुमची बघते हं आधी.” ती माया विजयमालाला सोसली नसती. तिनं फोन उशीखाली सरकवला.

मग तिनं कुर्ता चढवला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे आयटीतलं एक तरुण जोडपं राहायचं, अभिनव आणि निशा. त्यांची पार्सलं ती घ्यायची आणि तिची ते, ओळख तेवढ्यापुरती. निशाशी नीट बोलायची वेळ फारशी आली नव्हती, पण बायकांच्या पाठीला बायकांची लाज नसते, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. दार अभिनवनं उघडलं, कानांत फोनची पांढरी बोंडं घालून.

“काकू! ऑल ओके ना?”

“निशा आहे का?”

“जिमला गेलीय. संडेला तिची लाँग बॅच असते. का, अर्जंट आहे का काही? मेसेज करू?”

“छे छे. पाणी आलंय का, एवढंच विचारायचं होतं.”

“पाणी? ग्रुपवर टाकलंय ना काकू, टँकर दुपारनंतर. तुम्ही ग्रुप म्यूट केलाय बहुतेक.”

“हो, असेल,” ती म्हणाली, आणि आपल्या दारात परत आली. त्याच्या घरातून कांदे परतल्याचा वास येत होता. आपल्या घराचं दार लावून घेताना तिला वाटलं, या पोराला सांगितलं असतं तरी काय बिघडलं असतं? मुलाच्या वयाचा आहे. पण मुलाच्या वयाचा म्हणजे कुणाच्या मुलाच्या? तिला मूल नव्हतंच. मोठ्या रुग्णालयात जाता आलं असतं, तिथला तातडीचा विभाग रविवारीही चालू असतो. पण तिथे कुणीतरी नुकतं डॉक्टर झालेलं पोर आलं असतं, ज्यानं गोचीड फक्त पुस्तकात पाहिला आहे. त्यानं आधी स्पिरिट ओतलं असतं, मग चिमट्यानं गोचिडाचं पोट दाबलं असतं, आणि दाबलं की गोचीड पोटातलं सगळं माणसाच्या अंगात ओकतो. याच विषयावर तिनं डॉक्टरांपुढे भाषणं दिली होती, आणि भाषणानंतर डॉक्टर जेवणाच्या रांगेकडे कसे धावतात तेही बघितलं होतं. आपला हात जगन्नाथ म्हणतात. पाठीवरच्या त्या वीतभर जागेपुढे जगन्नाथाचेही हात आखूडच. तिनं पुन्हा एकदा खांद्यावरून हात टाकून बघितला, न पोचणाऱ्या बोटांनी हवेतच काहीतरी चाचपलं, आणि मग उशीखालचा फोन काढून सुदर्शनला लावला.

सुदर्शन तिचा नवरा. घटस्फोट नव्हता, भांडण नव्हतं. आठेक वर्षं दोघं वेगळे राहत होते. पूर्वी सासूसासऱ्यांपुढे ती त्याला अहो म्हणायची आणि दोघंच असली की अरे. वेगळं झाल्यावर दोन्ही जिभेवर येईनात, म्हणून फोनवर ती कसंबसं दोन्हींच्या मधून वाट काढायची.

“घरी आहे का कुणी?” तिनं विचारलं.

“कुणी म्हणजे मीच. दुसरं कोण असणार?” तो म्हणाला. “बोल.”

“एक काम होतं. पाठीचं.”

 मग तो म्हणाला, “माळावर गेली होतीस वाटतं.”

“काल.”

“आणि त्या पोरी कशासाठी असतात बरोबर?”

“त्यांचं त्यांनी बघितलं. माझं राहिलं.”

“छान. नियम दुसऱ्यांसाठी.” तो हसला नाही. “ये. दुकानात हाताखालच्या तेजसला बसवतो. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं ये. म्हणजे ती बंदच असते, पण सांगून ठेवलेलं बरं.”

बसमध्ये दिवाळीच्या खरेदीची गर्दी होती तरी तिला खिडकीची जागा मिळाली. ती पुढे सरकून ताठ बसली. टेकलं असतं तर गोचीड दाबला गेला असता. शेजारी एक म्हातारी बाई मांडीवर पणत्यांची पिशवी धरून बसली होती, कात्रजच्याही पलीकडच्या कुठल्या तरी गावची असावी. धनकवडी गेली, बिबवेवाडीचा फाटा गेला, तरी विजयमाला तशीच ताठ. शेवटी म्हातारीला राहवलं नाही. “मागं टेका की बाई. जागा हाय.” विजयमाला म्हणाली, “असू दे.” “पाठीला काय झालंय का?” म्हातारीनं विचारलं. “नाही, काही नाही.” म्हातारीनं तिच्याकडे निरखून बघितलं आणि पिशवी नीट केली. हिला सांगितलं असतं तर हिनं इथल्या इथे, धक्के खाणाऱ्या बसमध्ये, नखांच्या चिमटीत धरून तो उपटला असता, हे विजयमालाला पक्कं ठाऊक होतं. तिची आई तसंच करायची. आता जिथे तिच्या भावाचं, रंगरावचं, मंगल कार्यालय उभं आहे तिथे तेव्हा गोठा होता, आणि संध्याकाळी धारा काढून झाल्या की आई म्हशीच्या कानात बोटं घालून एकेक गोचीड उपटायची आणि शेणीच्या निखाऱ्यावर टाकायची. फट् असा आवाज यायचा. विजयमाला कंदील धरून उभी असायची. म्हैस मान खाली घालून डोळे मिटायची, आईकडे अंग रेलायची, आणि आई तिला शिव्या देत म्हणायची, “सर की जरा भवाने. तुला हात न्हाईत म्हणून मी हाय व्हय?” त्या शिव्यांनी म्हशीला बरं वाटायचं असं तेव्हा विजयमालाला वाटत असे. मंडईपाशी म्हातारी उतरली. उतरताना तिनं विजयमालाच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला, अगदी त्या जागेच्या वर, आणि तो हात उचलला गेला तेव्हा विजयमालाला त्याचं वजन अजून थोडा वेळ जाणवत राहिलं.

रिकेट्सिया एकटा जगू शकत नाही. बाकीचे जंतू काचेच्या बशीत जेलीवर वाढतात. याला जिवंत पेशी लागते, तिच्या आत शिरावं लागतं, तरच तो वाढतो. पण तो मुळात असा नव्हता. फार फार पूर्वी त्याचे पूर्वज मातीत, पाण्यात मोकळे राहत होते, आपलं अन्न आपण शिजवत होते, आणि त्या प्रत्येक कामासाठी त्यांच्याजवळ एकेक जनुक होतं. मग कधीतरी ते कुणाच्या पेशीत शिरले. तिथे सगळं आयतं. विजयमाला वर्गात याला घरजावई म्हणायची. घरजावयाला चूल पेटवायची गरज उरत नाही, मग एक दिवस तो काड्यांची पेटी कुठे ठेवली आहे ते विसरतो. जनुकांचंही तसंच होतं. जे जनुक वापरात नाही ते बिघडलं तरी जंतूला काही होत नाही, तो मरत नाही, त्याला कळतसुद्धा नाही. आणि कळत नाही म्हणून तो बिघाड पुढच्या पिढीत जसाच्या तसा जातो. मग त्याच्यावर दुसरा बिघाड. मग तिसरा. शेवटी जनुकाचे नुसते तुकडे उरतात, डोकं नाही, शेपूट नाही. तिनं असे तुकडे वर्षानुवर्षं संगणकाच्या पडद्यावर जुळवत बसून काढले होते. त्यांचा काहीएक उपयोग नसतो, तरी जंतू दोन झाला की प्रत्येक वेळी त्या मोडक्या तुकड्यांचीही इमानेइतबारे नक्कल होते. आणि गेलेलं जनुक सहसा परत येत नाही. बाहेर मोकळे राहणारे जंतू शेजाऱ्याकडून जनुकं उसनी घेतात, वाटीभर साखर मागावी तशी. हा पेशीच्या आत बसलेला. याच्या दारावरून सहसा कुणी जात नाही.

सुदर्शन पहिल्यांदा हे ऐकून म्हणाला होता, “म्हणजे मीच की.” कारण कात्रजच्या बाजूचा फ्लॅट तिच्या पगारावर घेतलेला, आणि शनिवार पेठेतलं आईवडिलांचं घर सोडून तो तिथे राहायला आला होता. कॉलेजात दोघं एका वर्गात. पदवी झाल्यावर ती जंतूंकडे गेली आणि तो लक्ष्मी रस्त्यावरच्या घरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. कोण काय करतं यावरून त्यांच्यात कधी वाद झाला नाही. वीजबिल तो भरायचा, तिला आजही त्याची रीत नीट येत नाही. त्याचे फॉर्म ती लिहायची, त्याचं अक्षर आता कुणाला वाचता येत नसेल. आणि माळावरून ती आली की तिची पाठ तो बघायचा. बाल्कनीच्या उजेडात स्टुलावर ती पाठमोरी बसायची, तो डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायचा, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात केसासारख्या टोकाचा चिमटा. केसांच्या कडेपासून सुरुवात. त्याचा श्वास मानेवर लागायचा. शेवटी तो ठरलेलं वाक्य बोलायचा, “एकही नाही. जनावरांनीही टाकलंय तुला.” मग स्वतः स्टुलावर बसून शर्ट वर करायचा, “आता माझी. नियम म्हणजे नियम,” आणि ती त्याच्या पाठीत एक धपाटा घालून स्वयंपाकघरात निघून जायची. दुकानात बसणाऱ्या माणसाला कसले आलेत गोचीड?

मग त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला आणि तो थोडे दिवस पेठेत राहायला गेला. थोडे दिवस असंच दोघांनी धरलं होतं. आधी तो रविवारी यायचा. मग एका रविवारी आला नाही, आणि तिला त्या दिवशी एक शोधनिबंध संपवायचा होता म्हणून बरंच वाटलं. मग ती माळावर गेली आणि पाठ निशाच्या आधी समोर राहणाऱ्या बाईंकडून बघून घेतली, मग त्या बाई सोडून गेल्या, मग तपासणं ती विद्यार्थ्यांवर सोपवून मोकळी झाली आणि आपली स्वतःची पाठ विसरली. वडील गेल्यावर तो परत येईल असं तिनं धरलं होतं. ती बोलावील असं बहुधा त्यानं. कुणीच काही केलं नाही. कुठे काय मोडलं असं विचारलं तर तिला दाखवता आलं नसतं, कारण मोडलं तेव्हा काही झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी दूध आलं होतं आणि ती कामावर गेली होती. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि त्याच्या वाढदिवसाला, फोन व्हायचा. तो तेवढा चालू होता.

शनिवारवाड्यापाशी उतरून ती गल्लीत शिरली. जुना वाडा पाडून बांधलेल्या सुदर्शनच्या इमारतीच्या लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली होती. जिना चढून ती वर आली तेव्हा दार उघडंच होतं आणि खिडकीसमोर स्टूल मांडून ठेवलेलं होतं. सुदर्शन बनियनवर होता. वाळला होता. भिंग त्यानं कपाळावर चढवून ठेवलं होतं.

“पाणी?”

“आधी हे.”

ती पाठमोरी बसली आणि कुर्ता वर केला.  “कातडीच्या अगदी लगत धर,” ती म्हणाली. “पोट दाबू नकोस. सरळ वर ओढ, पिरगळू नकोस.” तोंडातून तू गेलं, ते तिच्या मागाहून लक्षात आलं.

“शिकवू नकोस. जन्मभर केसाएवढे स्क्रू काढतोय.” टॉर्च लागल्याचा आवाज आला. मग त्याचा श्वास, खांद्याच्या हाडाखाली, जिथे बस आणि आरसा आणि मोबाइल यांपैकी कुणीही पोचलं नव्हतं तिथे. चिमट्याचं गार टोक टेकलं. उचललं गेलं. पुन्हा टेकलं. 

“काय झालं? तुटला का?”

“माला,” तो म्हणाला, “हा गोचीड नाही.”

“नीट बघ ना रे.”

“नीटच बघतोय. चामखीळ आहे. तपकिरी, खरखरीत. चांगली मुरलेली आहे, तीनचार वर्षांची तरी असेल.” टॉर्चचा उजेड जरा बाजूला गेला. “माझ्या वेळी नव्हती.”

खिडकीखाली कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. विजयमाला ते ऐकत राहिली. सुटले असं वाटायला हवं होतं. आधी वाटली ती शरम, एवढ्या मोठ्या बाईनं चामखिळीला पाय बघितले याची. मग ती वर्षं मोजू लागली. तीन वर्षं, चार वर्षं ती ही खूण पाठीवर घेऊन हिंडत होती. परिषदांना गेली, माळावर गेली, रोज आंघोळ केली. जगात एका माणसालाही ती ठाऊक नव्हती, तिला स्वतःलाही नाही. गोचीड असता तर बरं झालं असतं, असं तिला अगदी खरोखर वाटलं. गोचीड काढायला लागतो. चामखीळ काढायची घाई नसते, तिच्यासाठी कुणाकडे यावं लागत नाही. तिनं कुर्ता खाली केला आणि उठायला लागली.

“उगाच धावपळ झाली. निघते मी.”

“बस खाली,” सुदर्शन म्हणाला. “केसांच्या कडेपासून सुरुवात करतात ना? तू मधूनच सुरू केलंस.”

ती बसली. त्यानं तिचे केस वर धरले, त्यांच्या कडेवरून टॉर्च फिरवला. मग एका कानामागे, मग दुसऱ्या. मग मान. कुर्ता पुन्हा वर घेतला गेला, आणि तो सावकाश खाली खाली आला, चामखिळीला वळसा घालून, कमरेपर्यंत, एका वेळी एक वीत. विजयमाला डोळे मिटून बसली होती. आपण मागे, त्याच्या हातांकडे रेलतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, तरी ती सरळ झाली नाही.

“एकही नाही,” तो म्हणाला.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. तो ते बोलला नाही. टॉर्च बंद करून त्यानं तिचा कुर्ता नीट खाली ओढला. मग ती उठली तेव्हा तो स्टुलावर जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि दोन्ही हातांनी बनियन मानेपर्यंत वर घेतलं.

“आता माझी,” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

त्याची पाठ तिच्यासमोर होती. कण्याचे मणके वर आले होते, दंडाची कातडी सैल पडली होती. धपाटा घालायला तिचा हात उचललाच नाही. तिनं टेबलावरून टॉर्च घेतला, आपला चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि त्याच्या पिकल्या केसांच्या कडेपासून सुरुवात केली. कानांमागे बघितलं. मानेवर एक जुना व्रण होता, तो तिच्या ओळखीचा होता. उजव्या खांद्याखालचा तीळही ओळखीचा होता. त्याच्या शेजारी आणखी दोन होते, ते नव्हते. तिनं एका बोटानं त्यांतल्या एकाला हात लावून बघितला. सुदर्शन ताठ बसून राहिला.

“काय आहे?” त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

“थांब,” ती म्हणाली. “बघतेय अजून.”